कामं तिप्पट, गल्ला रिकामा

इंटिरिअरचं काम करणाऱ्याला विचारावं, 'कामं कशी आहेत?' तर उत्तर येतं, 'भरपूर. नाही म्हणावं लागतंय.' मग विचारावं, 'म्हणजे पैसाही चांगला?' इथे तो जरा घुटमळतो. 'आहे, पण अडकलाय.' तीन वर्षांपूर्वी महिन्याला एकच काम मिळायचं, तेव्हा हाच माणूस दर शनिवारी सुतारांचा हिशेब चुकता करायचा. आता महिन्याला तीन कामं चालू होतात आणि शनिवारी दुपारपासून त्याचा फोन लागत नाही.

मंदीत पैसा आटतो हे कुणी सांगावं लागत नाही. भरभराटीत तो का आटतो, हे मात्र भल्याभल्यांना उलगडत नाही. मग खापर गिऱ्हाइकावर, सुतारावर, फारच झालं तर ऑफिसच्या वास्तूवर फुटतं. खरं कारण बेरीज-वजाबाकीत आहे आणि ती पाचवीच्या मुलाला जमेल इतकी सोपी आहे. अडचण एवढीच, की ती करायला बसायची वेळ येते तेव्हा माणूस कुठल्यातरी साइटवर मिस्त्रीशी वाद घालत असतो.

उदाहरणासाठी पाटस घेऊ. पुणे-सोलापूर महामार्गावरचं, पुण्याहून साधारण ६० किलोमीटरवरचं दौंड तालुक्यातलं हे गाव. टोलनाक्यामुळे नाव सगळ्यांच्या ओळखीचं. इथून बारामतीचा रस्ता फुटतो, पुढे कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते, भीमा ओलांडली की शिरूर तालुका, तिकडे रांजणगाव. गावात भीमा सहकारी साखर कारखाना, भोवती कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. म्हणजे गिऱ्हाईकही तऱ्हेतऱ्हेचं: बागायतदाराचा नवा बंगला, कुरकुंभच्या कंपनीतल्या नोकरदाराचा फ्लॅट, दौंडच्या रेल्वे कर्मचाऱ्याचं घर, डॉक्टरांचा दवाखाना, हायवेवरचं हॉटेल. समजा, पुण्यात डिप्लोमा करून, तिथे काही वर्षं नोकरी करून एक तरुण पाटसला परतला आणि त्याने ऑफिस थाटलं. माणूस काल्पनिक, आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केलेले. पण या धंद्यातल्या कुणीही ते वाचावेत आणि आपल्या वहीशी ताडून बघावेत.

नफा शेवटच्या हप्त्यात बसलेला असतो

एक काम दहा लाखांचं धरू. किचन ट्रॉल्या, तीन बेडरूमची कपाटं, बेड, टीव्ही युनिट, देवघर, फॉल्स सीलिंग. प्लाय, लॅमिनेट, हार्डवेअर, मजुरी, वाहतूक मिळून खर्च आठ लाख. दोन लाख उरतात. आता प्रश्न, ते उरतात कधी?

गिऱ्हाईक पैसे देतं ते असे: काम ठरताना दोन लाख, दुसऱ्या महिन्यात तीन, तिसऱ्यात तीन आणि घर ताब्यात मिळाल्यावर चौथ्या महिन्यात उरलेले दोन. खर्चाची चाल वेगळी असते. प्लाय आणि हार्डवेअर आधी लागतं, म्हणून पहिल्याच महिन्यात साडेतीन लाख जातात. दुसऱ्यात अडीच, तिसऱ्यात दोन.

पहिला महिना संपतो तेव्हा आपला माणूस दीड लाखाने खड्ड्यात असतो. दुसऱ्याच्या अखेरीस एक लाखाने. तिसऱ्याच्या अखेरीस बरोबरीत. चौथ्या महिन्यात ते दोन लाख हातात पडतात तेव्हा कुठे नफा दिसतो, आणि तो सगळाच्या सगळा त्या शेवटच्या हप्त्यात असतो. नफा वीस टक्के, शेवटचा हप्ताही वीस टक्के.

आता हा शेवटचा हप्ता कशासाठी अडतो? एका ड्रॉवरचं चॅनेल कुरकुरतं. बेडरूमच्या शटरवर ओरखडा आहे. बाथरूमच्या दाराची बिजागरी ढिली आहे. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. पण सुतार दुसऱ्या साइटवर गुंतलेला, म्हणून ते पंधरा दिवस, महिना, दोन महिने लांबतं. गिऱ्हाईक म्हणतं, 'तेवढं करून द्या आणि चेक घेऊन जा.' त्याचं काही चुकत नाही. हजार-पंधराशे रुपयांच्या मजुरीपायी दोन लाख अडकतात, आणि मालकाला वाटतं गिऱ्हाईक बुडवं आहे. उरलंसुरलं काम संपवायला एक वेगळा सुतार आणि त्याच्यासोबत एक पोरगा, दुसरं काहीही न देता, नुसता याच कामावर ठेवावा. हा पगार या धंद्यातला सगळ्यात लवकर वसूल होणारा खर्च आहे.

चौकट: एकाची तीन कामं होताना

*आधी:* दर महिन्याला एक नवं काम. चार टप्प्यांतली चार कामं एकाच वेळी चालू. नवं काम दीड लाख खातं, दुसऱ्या महिन्यातलं पन्नास हजार देतं, तिसऱ्या महिन्यातलं एक लाख, संपलेलं दोन लाख. महिन्याची शिल्लक दोन लाख. ऑफिस, एक डिझायनर, पेट्रोल वगैरे खर्च १ लाख २० हजार. मालकाला ८० हजार.

*दसऱ्यापासून:* दर महिन्याला तीन नवी कामं. आणखी एक डिझायनर, दोन सुपरवायझर, हिशेबाला माणूस. ऑफिस खर्च अडीच लाख.

*पहिला महिना:* नवी तीन कामं साडेचार लाख खातात, जुनी साडेतीन देतात. ऑफिस खर्च धरून तूट साडेतीन लाख.

*दुसरा महिना:* तूट अडीच लाख. एकूण खड्डा सहा लाख.

*तिसरा महिना:* तूट पन्नास हजार. एकूण खड्डा साडेसहा लाख.

*चौथा महिना:* पहिल्या तीन कामांचे शेवटचे हप्ते येतात. साडेतीन लाख शिल्लक. खड्डा तीन लाखांवर.

*पाचवा महिना:* खड्डा भरून ५० हजार वर. यापुढे दर महिन्याला साडेतीन लाख.

*शेवटचे हप्ते दोन महिने लांबले तर:* चौथ्या महिन्यात खड्डा नऊ लाख, पाचव्यात साडेअकरा लाख.

या चौकटीत एकही काम तोट्याचं नाही. कुणी बुडवलेलं नाही, भाव पडलेले नाहीत, सुतार पळालेला नाही. महिन्याची कमाई ८० हजारांवरून साडेतीन लाखांवर जाणार आहे, म्हणजे धंदा झकास चाललाय. फक्त तिथे पोचेपर्यंत साडेसहा लाख रुपये कुठून तरी घालायचे आहेत. ज्याच्याकडे ते आहेत, त्याला ही दिवाळी थोडी ओढाताणीची जाते. ज्याच्याकडे नाहीत तो काय करतो? नव्या गिऱ्हाइकाच्या अॅडव्हान्समधून जुन्या साइटचा सुतार भागवतो. मग नव्याचं प्लाय आणायला आणखी नवं गिऱ्हाईक लागतं. ही साखळी चालू राहायची तर कामं वाढतच राहावी लागतात, आणि ज्या महिन्यात ती थांबतात त्या महिन्यात सगळ्या साइट एकदम उभ्या राहतात. हिशेबतपासनीस याला 'ओव्हरट्रेडिंग' म्हणतात: खिशातल्या भांडवलाला झेपणार नाही इतका धंदा अंगावर घेणं. धंदा चालत नाही म्हणून बंद पडण्याइतकाच तो असा जास्त चालून बंद पडू शकतो.

(नेमक्या याच सुमारास, पहिला मोठा अॅडव्हान्स खात्यात दिसला की दारात पांढरी गाडी येते. तिचा हप्ता मी वरच्या हिशेबात धरलेला नाही.)

हप्त्यांची फिरवाफिरव

वरच्या खड्ड्यावर पहिला उपाय बँक नाही. पहिला उपाय म्हणजे करारातला हप्त्यांचा परिच्छेद पुन्हा लिहिणं. त्याच दहा लाखांच्या कामाचे हप्ते असे मागितले तर? डिझाइन पक्कं झाल्यावर एक लाख. प्लायची ऑर्डर द्यायच्या आधी चार लाख, म्हणजे पहिल्या महिन्यात एकूण पाच. कपाटांचे सांगाडे उभे राहिल्यावर तीन लाख. शटर बसवायच्या आधी दीड लाख. ताबा देताना पन्नास हजार.

खर्च तोच ठेवून हिशेब करा. पहिल्या महिन्याअखेर दीड लाख जमा, दुसऱ्याअखेर दोन लाख, तिसऱ्याअखेर दीड, चौथ्याअखेर दोन. खड्डा कुठेच नाही. नफा तितकाच, पण शेवटच्या बिजागरीवर आता दोन लाखांऐवजी पन्नास हजार टांगलेले आहेत.

गिऱ्हाइकाने इतके पैसे आधी का द्यावेत? हा प्रश्न रास्त आहे. पैसे घेऊन गायब झालेल्या ठेकेदारांच्या कथा प्रत्येक गावात आहेत. म्हणून आधी पैसे मागणाऱ्याने आधी भरवसाही द्यायला हवा: कोणत्या खोलीत कोणतं प्लाय, किती जाडीचं, हे कोटेशनमध्येच लिहिलेलं, किचनमध्ये मरीन प्लाय ठरलं असेल तर साइटवर पोचलेल्या शीटवरचा आयएस ७१० चा शिक्का गिऱ्हाइकाला दाखवणं, दर शनिवारी फोटो. शिवाय आगाऊ आलेले पैसे वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत. ते अजून कमावलेले नाहीत, नुसते सांभाळायला दिलेले आहेत.

पाटसच्या बाजूला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बागायतदाराकडे पैसा दरमहा येत नाही, उसाच्या बिलाला येतो. ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत रास्त आणि किफायतशीर दराने पैसे द्यायचे असतात, पण ते तुकड्यातुकड्यांनी येतात हा अनुभव काही नवा नाही. अशा गिऱ्हाइकाचे हप्ते तारखेवर बांधले तर दोघांनाही त्रास. त्याच्या उसाची तोड कधी आहे हे विचारून काम त्या बेताने सुरू करावं. जून-जुलैत सुरू केलेल्या बंगल्याचा तिसरा हप्ता दिवाळीनंतरच्या तोडीवर अवलंबून असतो, हे जूनमध्येच कळलेलं बरं.

गव्हाणीपुढची रांग

इथवर पैशांचं झालं. आता वेळेचं, आणि माझ्या मते खरी गोम इथे आहे.

साखर कारखान्याची रोजची गाळपक्षमता ठरलेली असते. समजा तोडणीच्या टोळ्यांनी उत्साहात दुप्पट ऊस तोडला. म्हणून गाळप दुप्पट होतं का? नाही. कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लांबते, गव्हाणीत मोळी पडायला दुप्पट वेळ लागतो आणि तोवर ऊस वाळून त्याचा उतारा घटतो. ऊस तेवढाच तोडावा जेवढा गव्हाण घेईल, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इंटिरिअरवाला मात्र दर आठवड्याला नवी साइट 'तोडून' ठेवतो.

याचं एक नेमकं सूत्र आहे. जॉन लिटल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये ते सिद्ध केलं: एका वेळी चालू असलेली कामं = दर महिन्याला संपणारी कामं × एका कामाला लागणारे महिने. सूत्र साधं दिसतं, पण त्यातून सुटका नाही. आपल्या माणसाच्या सुतारांची, पॉलिशवाल्यांची, इलेक्ट्रिशियनची मिळून ताकद महिन्याला दोन घरं पुरी करण्याची आहे असं धरा. सहा साइट चालू असतील तर प्रत्येक घराला तीन महिने. त्याने भुरळून बारा साइट चालू केल्या आणि माणसं तेवढीच ठेवली, तर प्रत्येक घराला सहा महिने. महिन्याला पुरी होणारी घरं दोनच. म्हणजे जास्त साइट उघडून त्याने जास्त काम केलं नाही, फक्त बारा कुटुंबांना तीन महिन्यांच्या जागी सहा महिने थांबवलं. आणि शेवटचा हप्ता काम संपल्यावर मिळतो, म्हणून स्वतःचा नफाही तीन महिने पुढे ढकलला.

तरीही लोक साइट उघडतात, कारण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल ही भीती. त्यावर मधला मार्ग आहे: काम घ्यावं, डिझाइन सुरू करावं, पण सुतार साइटवर पाठवण्याची तारीख रांगेप्रमाणेच द्यावी. 'डिझाइन आत्ता, प्लाय १० फेब्रुवारीला' असं स्पष्ट सांगितलं तर बहुतेक लोक थांबतात. दोन दिवस सुतार आणून, चार शीट कापून, मग तीन आठवडे घर ओस ठेवलं की ते चिडतात.

मालकाचा फोन हीच अरुंद जागा

सुतार वाढवता येतात. मग क्षमता वाढेल? वाढेल, पण एका मर्यादेपर्यंत, कारण सगळ्या साइटचे सगळे प्रश्न एकाच फोनवर येतात. ओट्याची उंची किती? स्विचबोर्ड बेडच्या डावीकडे की उजवीकडे? हँडल अजून आलं नाही, दुसरं लावू का? वहिनी म्हणतात देवघर पूर्वेला सरकवा, सरकवू?

रांगांचा अभ्यास टेलिफोन एक्स्चेंजपासून सुरू झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग याने १९०९ मध्ये त्यावरचं पहिलं गणित मांडलं. पुढे त्यातून जे नियम निघाले त्यातला एक मालकांनी पाठ करावा असा आहे. प्रश्न वेळी-अवेळी येत असतील आणि प्रत्येकाला सरासरी १५ मिनिटं लागत असतील, तर उत्तर देणारा निम्मा वेळ गुंतलेला असताना विचारणाऱ्याला सरासरी १५ मिनिटं थांबावं लागतं. तो ८० टक्के गुंतला की एक तास. ९० टक्के गुंतला की सव्वादोन तास. ९५ टक्क्यांवर पावणेपाच तास. शेवटच्या पंधरा टक्क्यांत थांबण्याचा वेळ जवळपास पाचपट होतो. म्हणून 'परवापरवापर्यंत सगळं सुरळीत होतं, एकदम काय झालं कळत नाही' असं जे म्हटलं जातं, ते खरंच असतं. घसरण एकदमच होते. आणि उत्तराची वाट बघत बसलेल्या सुताराची हजेरी मात्र चालूच असते, किंवा तो स्वतःच्या मनाने काम उरकतो आणि ते पुन्हा तोडावं लागतं.

भर पडते ती अंतरांची. सकाळी हडपसर, दुपारी बारामती, संध्याकाळी शिरूर अशी फेरी मारणाऱ्याचा निम्मा दिवस रस्त्यावर जातो. तो दिवसभर 'कामात' असतो आणि प्रत्यक्ष निर्णय घ्यायला तीन-चार तास उरतात. दौंड आणि बारामती या दोन दिशांपुरतंच काम घेणारा माणूस तेवढ्याच वेळात जास्त साइट सांभाळतो. वाढ म्हणजे लांब जाणं, असं कुणी ठरवलंय?

मालकावरचा भार हलका करायचा म्हणजे 'माणसांवर विश्वास टाका' असा उपदेश केला जातो. तो बिनकामाचा आहे. विश्वासाची नाही, मर्यादा लिहून देण्याची गरज असते. दोन हजार रुपयांपर्यंतचा निर्णय सुपरवायझरने घ्यावा, त्यापुढे विचारावं. ओट्याची उंची, बोर्डांच्या जागा, बिजागरी आणि चॅनेलची कंपनी हे सगळं असलेलं सही केलेलं ड्रॉइंग साइटच्या भिंतीवर चिकटवलेलं असावं. गिऱ्हाइकाने सुचवलेला बदल सुताराने ऐकायचाच नाही. सुपरवायझरने लिहून घ्यायचा, त्याचा खर्च आणि वाढणारे दिवस कळवायचे, 'हो' आल्यावरच करवत लावायची. व्हॉट्सअॅपवर चालेल, पण साइटचा ग्रुप वेगळा हवा आणि त्यात शुभ सकाळीचे फोटो नकोत, नाहीतर देवघराची दिशा त्याखाली गाडली जाते.

धंदा वाढला की डिझायनर मालक पहिल्यांदा दुसरा डिझायनर नेमतो, कारण ते काम त्याला कळतं. मला हे चूक वाटतं. पहिला माणूस साइट सांभाळणारा हवा, दुसरा हिशेबाचा. डिझाइन हे त्याचं बलस्थान आहे. त्यालाच वेळ मिळावा म्हणून तर माणसं घ्यायची.

२६ इंचांचं कपाट

प्लायचं शीट आठ बाय चार फुटांचं, ३२ चौरस फूट. चार फूट म्हणजे ४८ इंच. कपाटाची खोली करवतीच्या पात्याची जाडी सोडून पावणेचोवीस इंच ठेवली तर एका शीटच्या रुंदीत दोन पट्ट्या बसतात. डिझायनरने हौसेने २६ इंच खोली काढली तर एक पट्टी निघते आणि बावीस इंचांच्या आसपासचा तुकडा उरतो, जो दुसऱ्या बाजूला चालत नाही. कागदावर सव्वादोन इंचांचा फरक, साइटवर जवळजवळ दुप्पट शीट. कामं थोडी असतात तेव्हा मालक स्वतः कटिंग लिस्ट करतो आणि हे वाचवतो. वाढीत ते नव्या पोराच्या हाती जातं आणि नफ्याचे दोन-तीन टक्के भंगारात जमा होतात.

उपाय जुना आहे. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या घरकुलांसाठी एकच स्वयंपाकघर बारकाईने आखलं आणि ते सुमारे दहा हजार घरांत बसवलं गेलं. आजच्या मॉड्युलर किचनची आजी तीच. पुढे युरोपातल्या कपाटवाल्यांनी भोकांमधलं अंतर ३२ मिलिमीटर ठरवून टाकलं, त्यामुळे कुठल्याही कंपनीची बिजागरी कुठल्याही कपाटाला बसते. आपल्याकडे वाईजवळच्या पसरणीचे बा. गो. शिर्के यांनी पुण्यातल्या मुंढव्यात हेच केलं, इमारतींच्या बाबतीत: भिंती-स्लॅबचे भाग कारखान्यात ओतायचे, साइटवर फक्त जोडायचे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलेलं बालेवाडीचं संकुल त्यांच्याच कंपनीचं.

पाटसच्या ऑफिसला कारखाना काढायची गरज नाही. पॅनेल सॉ आणि एज बँडिंगचं मशीन विकत घेण्याची घाई तर नकोच. त्याचा हप्ता रिकाम्या महिन्यातही द्यावा लागतो, कापून घेतलेल्या शीटचे पैसे फक्त काम असेल तेव्हा. कपाटाच्या तीन खोल्या, ट्रॉल्यांच्या चार रुंदी, शटरच्या दोन उंची एवढं कायमचं ठरवलं तरी पुरे. रंग, पोत, हँडल, प्रकाश यात हवी तेवढी मौज करावी. गिऱ्हाईक आतल्या सांगाड्याकडे कधी बघत नाही.

होळी आणि पाडवा यांच्या मध्ये

या धंद्यातली एक अडचण पंचांगात लिहिलेली आहे. चातुर्मासात वास्तुशांत सहसा होत नाही, म्हणून सगळ्यांना घर साडेतीन मुहूर्तांपैकी एकावर हवं असतं: पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, नाहीतर दिवाळीचा पाडवा. आता सुतारांकडे बघा. आपल्याकडचे बरेचसे सुतार राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारचे. ते होळीला गावी जातात, आणि होळीनंतर पंधरा दिवसांनी गुढीपाडवा असतो. मागणीचा कळस आणि माणसांची सुट्टी एकाच पंधरवड्यात. दिवाळीतही तेच: दिवाळीनंतर सहा दिवसांनी छठ, बिहारचे कारागीर आधीच निघालेले असतात. आषाढाच्या तोंडावर वेगळीच तऱ्हा. दमट हवेत पॉलिशवर पांढरट झाक येते, वाळायला वेळ लागतो. तुकोबांची पालखी यवत, वरवंड, पाटस करत रोटीच्या घाटाकडे जाते, त्या दिवसांत पुण्याहून प्लायचा टेम्पो वेळेवर येईल अशी आशा धरू नये.

म्हणून पाडव्याचं घर महाशिवरात्रीपर्यंत सुतारकामातून मोकळं झालंच पाहिजे. ते होणार नसेल तर अक्षय्य तृतीया सांगावी. महिन्याभराचाच फरक आहे, आणि मुहूर्त तितकाच चांगला. पावसाळ्यात मात्र डिझाइनची, मापांची, कोटेशनची कामं भरपूर काढावीत; पुढच्या दसऱ्याची रांग तिथे लागते.

'बिल नको' महागात पडतं

छोट्या धंद्यात निम्मं काम बिनबिलाचं चालतं, कारण गिऱ्हाईकच म्हणतं, 'जीएसटी कशाला?' सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते, आणि महिन्याला तीन कामं घेणारा ती मर्यादा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ओलांडतो. घराला कायमची बसणारी कपाटं, सीलिंग यांचं मालासकट काम सहसा 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे सेवेत धरलं जातं आणि सेवेच्या अॅडव्हान्सवरही कर लागतो. दोन लाखांचा 'सगळं धरून' अॅडव्हान्स आला तर १८ टक्क्यांच्या हिशेबाने त्यातले सुमारे साडेतीस हजार सरकारचे. प्लायवर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण प्लाय बिलाने घेतलं असेल तरच.

कुरकुंभ-रांजणगावच्या कंपन्यांची ऑफिसं करणाऱ्याने उद्यम नोंदणी करून ठेवावी. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. २०२३-२४ पासून तर ही मुदत चुकवणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. मालासकट ठेक्याला हे लागू होतं का यावर वाद आहेत, म्हणून डिझाइनचं शुल्क आणि ठेका यांची बिलं कशी करायची हे सीएला विचारूनच ठरवावं.

खरा तोटा पुढे आहे. चौकटीतल्या साडेसहा लाखांसाठी बँकेत गेलं की मॅनेजर विवरणपत्रं मागतो. लघुउद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी नायक समितीची जुनी फूटपट्टी अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्क्यांची आहे. ज्याने दीड कोटींचं काम करून विवरणपत्रात तीस लाख दाखवले, त्याला त्या तीस लाखांच्या मापानेच कर्ज मिळतं. उरलेलं पतसंस्थेकडून, नाहीतर ओळखीच्या माणसाकडून, महिन्याच्या टक्क्याने. वाचवलेल्या करापेक्षा ते व्याज किती जास्त झालं, हे कुणी मांडत नाही. कॅश क्रेडिटची मर्यादाही खड्डा पडायच्या आधी, म्हणजे श्रावणात मंजूर करून घ्यावी. खड्ड्यात उभं राहून मागणाऱ्याला बँक लांबूनच ओळखते.

आणि तिसरं काम घेतलंच नाही तर?

हा पर्याय कुणी हिशेबात धरत नाही, म्हणून तोही मांडून बघू. महिन्याला दोन कामं, एकच सुपरवायझर, हिशेबाला अर्धवेळ माणूस. ऑफिस खर्च समजा १ लाख ६० हजार. दोन कामांचे चार लाख, त्यातून हे गेले की मालकाला महिना २ लाख ४० हजार. तीन कामांत साडेतीन लाख. म्हणजे तिसऱ्या कामातून प्रत्यक्षात १ लाख १० हजार हाती लागतात, दोन लाख नाही. बाकीचे नव्या माणसांच्या पगारात जातात. त्या १ लाख १० हजारांसाठी वर्षाला बारा घरं जास्त, खेळतं भांडवल जास्त, आणि मालकाचा फोन ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांकडे. पंचविशीतल्या माणसाने ते घ्यावं, कदाचित पुढे चौथं आणि पाचवंही. ज्याला सकाळी शेतावर चक्कर मारायची आहे आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचा आहे, त्याने दोनवर थांबून दर वाढवावा. दोन्ही कामांचा भाव पाच टक्क्यांनी वाढवला आणि गिऱ्हाईक टिकलं, तर तिसऱ्या कामाचे जवळजवळ सगळे पैसे एकही जादा साइट न उघडता येतात.